हौदाच्या पुढची लाईन

पुणतांबा, ११ मार्च १९९६

रा. रा. भीमराज यांस कोंडीरामचा जय भीम.

आपण आणि मी एकाच बांधाच्या दोन अंगांना राहतो. आपल्याकडे भाकरी थापली तर आवाज माझ्या ओट्यावर येतो. तरी हे पत्र पोस्टाने पाठवीत आहे. तोंडी बोललेलं उद्या नाकारता येतं, शिक्का बसलेलं नाकारता येत नाही. पोस्टात तिकीट घेताना सूर्यभान पोस्टमन म्हणाला, "पुणतांब्याचं पुणतांब्यालाच? भाऊ, मी जाता जाता सांगतो की त्याला." मी म्हटलं, तुला पगार पत्र टाकण्याचा आहे. तो हसला. का हसला ते मी लक्षात ठेवलं आहे.

आता मुद्दा. परवा पाळी माझी होती. हौदाचा व्हॉल्व्ह मी माझ्या हाताने उघडला आणि बागेत जाऊन बसलो. पाईपाच्या तोंडातून पाणी आलं ते करंगळीएवढं. दिवसभरात पेरूच्या दोन ओळी धड भिजल्या नाहीत. संध्याकाळी परत येताना पाहतो तर आपल्या कांद्याच्या वाफ्यांत पाणी तुंबलेलं. पाळी माझी, भिजला कांदा आपला. याचा अर्थ लावायला वकील करावा लागत नाही.

आपल्याला सगळं ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो, कारण उद्या हे पत्र तिसऱ्या माणसाने वाचायची वेळ आली तर त्यालाही कळलं पाहिजे. नदीवरची मोटर पाणी चढवून आपल्या रानातल्या उंच हौदात टाकते. हौदातून सिमेंटच्या पाईपांची लाईन निघते, जमिनीखालून बांध ओलांडते आणि उताराने माझ्या रानात येते. ही व्यवस्था आपले वडील कालकथित आप्पा यांनी हयातीत केली. दोन भावांनी वाटून प्यावं म्हणून केली.

मी सारी नोकरी रेल्वेत कीमन म्हणून काढली. रोज सकाळी हातोडा घेऊन रुळाच्या कडेने चालायचं, कुठे चावी सैल झाली, कुठे तडा गेला ते बघायचं. आम्हाला पगारच संशयाचा मिळायचा. ज्या कीमनला सगळं ठीक दिसतं, त्याच्या हद्दीत गाडी घसरते. म्हणून सांगतो, माझ्या नजरेतून सुटेल असं समजू नये.

आठ दिवसांत खुलासा यावा.

कोंडीराम


पुणतांबा, २८ मार्च १९९६

रा. रा. भीमराज यांस,

खुलासा आला नाही. सूर्यभान म्हणतो, पत्र रंगुबाईच्या हातात दिलं. रंगुबाई आपली बायको असली तरी तिने ते चुलीत घातलं की आपल्याला दिलं, हे मला कळायला मार्ग नाही. आमच्या घरातही मला सगळंच कळतं असं नाही. परवा ताकाचं भांडं बांधावरून पलीकडे गेलं. मी आक्काबाईला विचारलं तर म्हणे, "भांडं जाऊंद्या, ताक नासलं असतं." बायको नवऱ्यापासून ताक लपवते, तेव्हा आणखी काय काय लपवत असेल, याचा मी विचार करतो आहे.

हल्ली रिकामा वेळ फार, त्यामुळे मी या लाईन शब्दाकडे बारकाईने पाहतो आहे. रेल्वेत होतो तेव्हा लाईन म्हणजे रूळ, दुसरं काही नाही. आता गावात फिरतो तर हा शब्द घरोघरी पाटावर बसलेला. रॉकेलला उभं राहायचं ती लाईन. वायरमन खांबावर चढतो ती लाईन. स्टँडसमोरच्या एसटीडीच्या खोक्यात पोरगा ओरडतो, लाईन लागत नाही. तोच पोरगा संध्याकाळी कॉलेजातून येणाऱ्या मुलींवर लाईन मारतो आणि तेव्हा मात्र त्याची लागते. सोयरीक जुळवायला आलेले विचारतात, मुलगा कुठल्या लाईनीत आहे? रंगुबाईचा भाऊ भिंगारला कॅम्पात राहतो, तो म्हणतो आमची लाईन मारुतीच्या देवळामागं. पोरगं वाया गेलं की बाप म्हणतो, त्याला लाईनीवर आणा. आपल्याकडे रांग होती, ओळ होती, तार होती, धंदा होता, चाळ होती. इंग्रजाने सगळ्यांना बाजूला सारून एकच गडी कामाला लावला आणि स्वतः निघून गेला. जो सगळ्यांच्या घरी जेवतो, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. माणूस असता तर मी त्याला ओट्यावर चढू दिलं नसतं.

हे सांगायचं कारण, आपणही दोन वर्षांपूर्वी याच शब्दाच्या आड उभे राहिलात. आप्पांच्या वार्षिक पुण्यानुमोदनाचा दिवस होता, पाहुणे जेवायला बसले होते. त्याच्या आदल्या आठवड्यात मी बाजाराला म्हणून निघालो, पिशवी विसरली म्हणून परत फिरलो, तर भर दुपारी आपण बांधावर पिंपळाच्या बुडाशी. फावडं, घमेलं, आणि हात कोपरापर्यंत सिमेंटने माखलेले. मी पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं, माझ्या लाईनीत काय घालत होतास? आपण ताटातून नजर वर न काढता म्हणालात, "चोरी न्हाई भाऊ. लाईनच खराब हाय." खराब म्हणजे काय, कुठे, कशाने, ते सांगितलं नाही. खरं सांगणारा माणूस तपशील सांगतो. मी आजवर शेकडो तडे वरिष्ठांना कळवले, एकदाही नुसतं 'खराब आहे' म्हणालो नाही.

तेव्हाच मी बजावलं, हौदाच्या पुढची लाईन माझी. तिला हात लावलास तर तुझा माझा संबंध संपला.

आपण हात लावला नाही, हे खरं आहे. मी नजर ठेवून आहे. पण तेव्हापासून पाणी वाढायच्या ऐवजी कमी कमीच होत गेलं. याचा अर्थ एकच. चोरीची सोय आपण आधीच जमिनीखाली पुरून ठेवली आहे. एखादा टी-जॉइंट, एखादी चोरटी नळी. आता हात लावायची गरजच नाही.

कोंडीराम


पुणतांबा, १६ एप्रिल १९९६

रा. रा. भीमराज यांस,

परवा जयंतीच्या मिरवणुकीत आपण दिसलात. कार्यकर्ते ओरडत होते, लाईनीत चाला, लाईन मोडू नका. मी मुद्दाम दुसऱ्या लाईनीत राहिलो. आपल्याबरोबर रंगुबाईचा भाऊ होता आणि एक अनोळखी इसम, पांढऱ्या बुटांचा. जयंतीला पांढरे बूट घालून माणूस येतो तो मिरवणुकीसाठी येत नाही. काल तोच इसम आपल्या रानात हौदाच्या भिंतीवर हात फिरवताना मी पाहिला.

गावात कळलं की आपण रान विकता आहात. हौदासकट. मेव्हणा भिंगारला कँटीनच्या लाईनीत चिकटवून देणार म्हणे.

प्रथम मला वाटलं, ही मला भिववण्याची युक्ती. हौद परक्याचा झाला की कोंडीराम नाक घासत येईल. मग वाटलं, चोरी पचली म्हणून पळ काढता आहात. अजून ठरत नाही. रात्री जेवण गेलं नाही, ते पोट बिघडलं म्हणून, आपण गैरसमज करून घेऊ नये.

एक मात्र विचारतो. मिरवणूक पुतळ्यापाशी थांबली तेव्हा आपण गर्दीतून माझ्यापर्यंत आलात. दोन वर्षांनी आलात. मला वाटलं आता तरी काही बोलाल. आणि बोललात काय, तर "भाऊ, मी चाललोय. झाडाकडं बगत जा."

मी म्हटलं, "झाडाला काय हुतंय? या उन्हाळ्यात तेवढं एकच हिरवं हाय."

आपण माझ्याकडे असं पाहिलंत की मला काही कळेना. मग निघून गेलात. हा टोमणा होता का? माझे पेरू वाळत असताना मला पिंपळाची राखण सांगता?

त्या झाडाबद्दल मला कोणी शिकवू नये. आप्पांनी बजावून ठेवलं होतं, राख घाटावर नेऊ नका, रानात पुरा आणि वर बोधिवृक्ष लावा. जागा मी निवडली. आपण दोघे पहार घेऊन बांधभर फिरत होतो, चैत्राचं ऊन, खाली मुरूम, पहार टणकन् उडून यायची. शेवटी लाईनीच्या चरात माती मऊ लागली. मी म्हटलं, इथंच, पाणीही जवळ आहे. आपण खड्ड्यात उतरलात आणि मी वरून माती ओढली. आपण रडत होतात आणि मी रागावलो होतो, की खड्डा तिरका होतोय. तेव्हा आपण मला मोठे वाटला नव्हतात. आप्पा गेले तेव्हा मला वाटलं, हे पोर आता माझ्या अंगावर आलं. आपण पस्तिशीचे होतात, पण मला तसंच वाटलं.

असो. व्यवहाराचं लिहितो. विक्री झाली तर लाईनीचं काय, याचा लेखी खुलासा यावा.

कोंडीराम


पुणतांबा, १२ मे १९९६

भीमराज यांस, मुक्काम भिंगार,

घराला कुलूप लावून आपण बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलात. जाताना रंगुबाई आक्काबाईच्या गळ्यात पडून रडली. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. पेपर उलटा धरला होता असं आक्काबाई म्हणते, तिच्यावर विश्वास ठेवू नये.

पत्ता आपल्या मेव्हण्याचा, म्हणून पाकीट चिकटवून वर सही केली आहे.

कळलं की खरेदीखत या महिन्याच्या अखेरीस आहे. त्याआधी पुरावा हाती यावा म्हणून मी लाईन उकरायला घेतली. आपल्या कांद्याच्या वाफ्यांत गेलो. कांदा निम्मा सडून गेला आहे. चोरलेलं पाणीसुद्धा माणसाने बेताने वापरावं. वाफ्यांखाली टी निघेल अशी माझी खात्री होती. काही निघालं नाही. मग हौदापासून बांधाकडे एकेक पाईप उघडा करत आलो. माझं वय आणि हे ऊन, आक्काबाई दिवसभर पाणी घेऊन मागे उभी आणि काही बोलत नाही. ती बोलत नाही हेच मला खटकतं. एरवी मी ओट्यावरून उतरलो तरी ती बोलते.

आज दुपारी पिंपळाच्या बुडाशी पोचलो. आणि सापडलं, भीमराज. पाईपाच्या एका जोडावरचं सिमेंट वेगळं आहे. बाकी जोड आप्पांच्या वेळचे, काळपट, गुळगुळीत. हा एकच जोड नंतरच्या मालाने लिंपलेला, त्यात बोटांचे ठसे. एकदा नाही, थरावर थर आहेत, म्हणजे पुन्हा पुन्हा उघडलेला आणि पुन्हा पुन्हा बंद केलेला. रुळाची चावी कोणी हलवली की मला लांबून समजायचं. हा तर हाताने केलेला जोड माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मी तो आज फोडलेला नाही. उद्या सूर्यभान आणि दोन माणसं पंच म्हणून बोलावली आहेत. त्यांच्या समक्ष फोडीन. आतून जे निघेल ते लिहून त्यांच्या सह्या घेईन आणि खरेदी घेणाऱ्या इसमालाही दाखवीन, की कोणत्या माणसाकडून रान घेतो आहेस.

कोंडीराम


पुणतांबा, १४ मे

भीमराज,

परवा टाकलेलं पत्र अजून पोचलं नसेल तर उघडू नकोस. पोचलं असेल तर वाचलं नाहीस असं समज.

सविस्तर लिहितो. आज लिहवत नाही.

भाऊ


पुणतांबा, १९ मे १९९६

चि. भीमराज यास अनेक आशीर्वाद.

चार वेळा हे पत्र लिहायला घेतलं. आता जसं येईल तसं लिहितो.

पंच जमले. मी छिन्नी लावून तो जोड फोडला. पाईप उचलला, आणि आत टी नव्हता, नळी नव्हती. आत मुळं होती. पिंपळाची मुळं जोडाच्या फटीतून शिरून पाईपभर अशी माजली होती की हात घालायला जागा नाही. म्हशीच्या शेपटाएवढा झुबका मी ओढून काढला, तरी मागून येतच होता. पाणी कुठून जाणार? माझ्या पाळीला व्हॉल्व्ह उघडायचा, पुढे वाट नाही, म्हणून हौद भरून तुझ्या कांद्यावर सांडायचा. तुझं पीक सडत होतं आणि मी ते चोरीचा पुरावा म्हणून मोजत होतो.

सूर्यभान म्हणाला, "भाऊ, हे बगा." मुळांमध्ये जुने काप होते. कोयत्याने कापलेली टोकं, सुकलेली, आणि त्यांच्या पुढे नवी फुटलेली. कोणीतरी आत हात घालून मुळं कापली होती, पाईप मोकळा केला होता आणि वरून जोड लिंपून टाकला होता. एकदा नाही. ते थर मी मोजले नाहीत. मोजायची हिंमत झाली नाही.

मी वळून पाहिलं तर आक्काबाई डोळ्याला पदर लावून उभी. मी विचारलं, तुला ठाऊक होतं?

ती म्हणाली, "दर उन्हाळ्याला तुमी बाजारला गेलं की भावजी यायचे. मुळ्या काढायचे, लिंपायचे. मी च्या द्यायची. तुमचं पानी चालू ऱ्हावं म्हून करीत हुते."

"मग त्यानं सांगितलं का न्हाई? तू सांगितलं का न्हाईस?"

तिने पंचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

सूर्यभान खाली बघत राहिला, कारण मी काय केलं असतं ते त्यालाही माहीत होतं. लाईनीत दोष सापडला की दोष काढून टाकायचा, एवढंच मला येतं. रुळावर फांदी आली, तोडली. मी त्याच दिवशी कुऱ्हाड आणली असती. झाड गेलं असतं, त्याच्याखालचे आप्पा गेले असते, आणि मी तुलाच विचारलं असतं, जागा कोणी निवडली होती?

तुला हे माहीत होतं. म्हणून पंगतीत सगळ्यांसमोर चोर म्हणवून घेतलंस आणि ताटाकडे बघत राहिलास. मी हात लावू नकोस म्हटल्यावर हात लावला नाहीस. दोन वर्षं मुळं वाढत गेली, पाणी आटत गेलं, आणि तरी बोलला नाहीस. भीमराज, मला तुझा फार राग आला आहे. इतका राग मला चोराचा आला नव्हता. एवढा मोठा घास एकट्याने का गिळलास? मी तुझा भाऊ आहे की साहेब?

पंचांना मी घरी पाठवलं. सह्या घेतल्या नाहीत.

आता इकडची स्थिती ऐक. पाईप उघडाच आहे. व्हॉल्व्ह सोडला की सगळं पाणी झाडाच्या बुडाशी जातं. बागेला थेंब नाही. पुढच्या अंगाच्या पेरूंनी पानं टाकली, मागच्या अंगाचे अजून तग धरून आहेत. मुळं आता इतकी आत गेली आहेत की कापून लिंपल्याने भागायचं नाही. उपाय एकच, झाडाला लांबून वळसा घालून नवी लाईन टाकायची. चुना टाकून आखणी केली आहे. तिकडे सगळा मुरूम आहे. मी खणायला घेतलं, हातभर चर झाला आणि कंबर धरली. आक्काबाईने लेप लावला. मजूर मिळतात, पण त्यांच्याकडून करून घेतलं तर चर सरळ जात नाही, आणि मी त्यांच्याशी दोन दिवसांत भांडीन, हे तुला ठाऊक आहे.

खरेदीखतावर सही करू नकोस. पांढऱ्या बुटाच्या माणसाला मी सांगून पाहिलं की इथलं पाणी भानगडीचं आहे. तो म्हणाला, झाड पाडून टाकू, एवढं काय. त्याला मी बांधावरून उतरवलं.

आता जे सांगतो ते आक्काबाईलाही सांगितलेलं नाही. पंच गेल्यावर त्या संध्याकाळी मी कुऱ्हाड घेऊन गेलो होतो. सगळं कळल्यावर गेलो होतो, भीमराज. तुझे ठसे त्या सिमेंटात पाहिल्यावर गेलो होतो. बागेकडे बघितलं आणि पाय आपोआप तिकडे वळले. एक घाव मारला. साल निघाली, पांढरा चीक आला. मग कुऱ्हाड तिथेच टाकून मातीत बसलो आणि आप्पा गेले तेव्हा रडलो नव्हतो तेवढा रडलो.

म्हणून म्हणतो, माझा भरवसा धरू नकोस. आज मी शहाणा आहे. पण अजून उन्हाळ्याचे दिवस आहेत, बाग रोज डोळ्यांसमोर वाळते आहे, आणि कुऱ्हाड पुन्हा घरात आणून ठेवली आहे. तू बांधावर उभा असलास तर मी ती उचलणार नाही. एकटा असलो तर उचलीन. मी स्वतःला तुझ्याहून जास्त ओळखतो. रंगुबाईला घेऊन ये आणि माझ्यावर नजर ठेव.

तुझा भाऊ,
कोंडीराम